तीन वर्षांत डिटेक्टिव्ह होत नाही!

थर्ड इयरला आलं की जो तो एकच प्रश्न विचारतो, पुढे काय? त्याची उत्तरंही ठरलेली असतात. कॅम्पसमधून लागलं तर पुणे, गेटचा स्कोअर चांगला आला तर एम.टेक., घरचं बरं असेल तर जर्मनी, आणि यातलं काहीच नाही जमलं तर एमपीएससी! मी मात्र सरळ सांगते की मला डिटेक्टिव्ह व्हायचंय, पोलिसातली. समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे पीएसआय का?" हो बाबा, पीएसआय. पण पीएसआय होणं आणि डिटेक्टिव्ह होणं यात खूप अंतर आहे, आणि माझा आजचा लेख त्या अंतराबद्दलच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या पोलीस खात्यात 'डिटेक्टिव्ह' नावाचं पदच नाही. इंग्लंडमध्ये डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल, डिटेक्टिव्ह सार्जंट, डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर अशी वेगळी शिडी असते. माणूस एकदा त्या शिडीवर चढला की त्याच कामात म्हातारा होऊ शकतो. आपल्याकडे मात्र सगळ्यांना एकच शिडी. पोलीस ठाण्यात चार-पाच जणांचं डी.बी. पथक असतं, म्हणजे डिटेक्शन ब्रँच. जिल्ह्याला स्थानिक गुन्हे शाखा असते, जिला सगळे एलसीबी म्हणतात. मुंबई-पुण्यासारख्या आयुक्तालयांत क्राइम ब्रँच, आणि सगळ्या राज्याची सीआयडी पुण्यात. या जागांवर माणसं येतात, काम करतात आणि निघून जातात. कोणी कायमचा तिथला नसतो. आज एलसीबीत खुनाचा तपास करणारा साहेब उद्या ट्रॅफिकला शिट्टी वाजवत उभा असू शकतो. आणि गंमत म्हणजे याचं उलटंही होऊ शकतं, ते पुढे सांगते.

मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. त्यामुळे लायब्ररीत नॅन्सी ड्र्यू आणि शेरलॉक होम्स, आणि घरी आजोबांच्या ट्रंकेत बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड. (सिस्टरना झुंजार कळला असता तर काय म्हणाल्या असत्या देव जाणे!) त्यात टीव्हीवर सीआयडी. दयाने दरवाजा तोडला की अर्ध्या तासात खुनी हजर. या सगळ्यांत एक गोष्ट कॉमन आहे, डिटेक्टिव्ह हा जन्मतःच हुशार असतो. त्याला कोणी शिकवत नाही, त्याची बदली होत नाही, आणि कोर्टात पुढे काय झालं ते आपल्याला कधीच कळत नाही.

खरी गोष्ट मला कळली ती आपल्याच जिल्ह्यातली. मी देवगाव फाट्याची. सेलू तालुका, परभणी जिल्हा. जालन्याहून मंठ्यामार्गे जिंतूरकडे जाताना जिथून सेलूचा रस्ता फुटतो तो आमचा फाटा. सेलूहून रेल्वेने परभणीकडे निघालं की वाटेत मानवत रोड स्टेशन लागतं. आमच्या पिढीला मानवत म्हणजे कापसाची बाजारपेठ. पण आजीच्या पिढीला मानवत म्हटलं की अजून वेगळंच काही आठवतं. दिवेलागणीनंतर पोरींनी बाहेर राहायचं नाही हा आमच्या घरातला नियम तेव्हापासूनचा, असं आजी सांगायची. मला वाटायचं आजी उगाच घाबरवते.

आजी उगाच घाबरवत नव्हती. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात मानवतला एकामागून एक खून झाले. मेलेल्यांत बहुतेक लहान मुली आणि बायका होत्या. दुष्काळाचा तो काळ, गाव आधीच पिचलेलं. पोलिसांनी पुढे कोर्टात मांडलं ते असं की गुप्तधनाच्या आणि मूल होण्याच्या आशेने नरबळी देण्यात आले. तेरा-चौदा महिने स्थानिक पोलिसांना काहीच सापडेना. शेवटी मुंबईहून क्राइम ब्रँचचे रमाकांत कुलकर्णी यांना तपासासाठी पाठवलं गेलं. २०२४ साली 'मानवत मर्डर्स' ही मराठी वेब सिरीज आली ती यावरच, त्यात आशुतोष गोवारीकरने कुलकर्णींचं काम केलंय. आमच्या होस्टेलवर एका रात्रीत सगळे भाग बघून झाले. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये एकच चर्चा, "तू परभणीची ना? खरंच असं झालं होतं का?"

झालं होतं. पण मला सिरीजपेक्षा वेगळ्याच प्रश्नाने पकडलं. मुंबईचा माणूस परभणीत येऊन, गाव नवीन, बोली वेगळी, लोक बोलायला तयार नाहीत, आणि तरी जे तेरा महिन्यांत झालं नाही ते करतो कसं? तो काही आकाशातून पडला नव्हता. १९६८ साली मुंबईत रमण राघवचा तपास झाला तेव्हा क्राइम ब्रँचचे डीसीपी हेच कुलकर्णी होते. फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांची डोकी फोडणारा हा खुनी. त्याला २७ ऑगस्ट १९६८ रोजी पकडलं ते अॅलेक्स फियाल्हो नावाच्या सब-इन्स्पेक्टरने, रस्त्यात ओळखून. का ओळखता आलं? कारण रमण राघव काही वर्षं आधी पोलिसांच्या हाती लागला होता आणि पुराव्याअभावी सुटला होता, पण त्याची नोंद आणि फोटो रेकॉर्डला होते. म्हणजे कोणीतरी आधीच्या फसलेल्या तपासाची फाइल नीट ठेवली होती. सिनेमात फाइल ठेवणाऱ्याला कधी रोल देतात का? पकडल्यावर तो पोलिसांशी बोलायलाच तयार नव्हता, पोटभर चिकन खाऊ घातल्यावर बोलायला लागला हा किस्सा तर प्रसिद्धच आहे. मला त्या किश्श्यात विनोदापेक्षा धीर जास्त दिसतो. समोरच्याला काय हवंय ते ओळखून वाट बघत बसणं, हे एका दिवसात येत नाही.

असा माणूस सहा वर्षांनी मानवतला येतो. एकीकडे महानगरातला एकटा वेडसर खुनी, दुसरीकडे खेड्यातली अंधश्रद्धा आणि अनेक जणांचा कट. दोन्हींत वरवर काहीच साम्य नाही, पण एका केसमध्ये घासलेली नजर दुसरीत उपयोगी पडते. आपल्याकडे 'व्हरायटी' म्हणजे टाइमपास असं समजतात. तपासात तीच ताकद असते.

दुसरं उदाहरण मधुकर झेंडे यांचं. त्यांच्यावर २०२५ साली मनोज वाजपेयीचा 'इन्स्पेक्टर झेंडे' आला, बऱ्याच जणांनी तो बघितला असेल. चार्ल्स शोभराजला त्यांनी पहिल्यांदा पकडलं १९७१ साली मुंबईत. मार्च १९८६ मध्ये शोभराज तिहार जेलमधून पळाला, पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध घातलेली मिठाई खाऊ घालून! आणि ६ एप्रिल १९८६ रोजी गोव्यात पर्वरीच्या 'ओ कोकेरो' हॉटेलात त्याला पुन्हा पकडलं, तेही झेंड्यांनीच. हॉटेलात दबा धरून बसायचं आणि माणूस आला की ओळखायचं, एवढंच काम. पण ओळखणार कोण? ज्याने पंधरा वर्षांपूर्वी तो चेहरा समोर बसवून बघितलाय तोच ना! आता विचार करा, १९७१ ची केस झाल्यावर झेंड्यांना कायमचं कुठेतरी रजिस्टरं सांभाळायला बसवलं असतं तर?

आता ते उलटं उदाहरण. १२ मार्च १९९३ ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा तपासाची जबाबदारी आली राकेश मारियांवर, आणि मारिया तेव्हा होते ट्रॅफिकचे डीसीपी. वरळीला बेवारस सोडलेली एक मारुती व्हॅन सापडली, तिच्या रजिस्ट्रेशनवरून पोलीस माहीमच्या मेमन कुटुंबापर्यंत पोचले. म्हणजे ट्रॅफिकची शिट्टीही फुकट जात नाही. मी बदल्यांच्या विरोधात आहे असं कोणाला वाटत असेल तर तसं अजिबात नाही. माझा विरोध आहे तो कामच तोडून टाकणाऱ्या बदल्यांना.

याला कायदाच जबाबदार आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्यात कलम २२-न आहे. त्याप्रमाणे पीएसआयपासून पीआयपर्यंतच्या अधिकाऱ्याचा एका पोलीस ठाण्यातला किंवा शाखेतला साधारण कार्यकाळ दोन वर्षं. आणि एलसीबी किंवा आयुक्तालयाची क्राइम ब्रँच असेल तर तीन वर्षं. तीन वर्षं! आपली इंजिनीअरिंगची डिग्री चार वर्षांची असते, आणि चार वर्षांनंतरही आपल्याला किती येतं ते आपल्या व्हायवाच्या एक्स्टर्नलना विचारा. खबरी तयार व्हायलाच वर्ष-दोन वर्षं जातात असं म्हणतात. खबरी तयार झाला की साहेब गेले. नवीन साहेब आले की पुन्हा श्रीगणेशा.

आमच्या गल्लीत एक रिटायर्ड जमादार राहतात. आम्ही सगळी पोरं त्यांना जमादार काका म्हणतो. मी त्यांना माझा बेत सांगितला तर ते म्हणाले, "बाई, तपास म्हंजे पायपीट हाय. डोकं लागतं, नाही असं नाही, पण आधी पाय लागतात." ते काही वर्षं एलसीबीत होते. मी विचारलं, काका, मग तिथून निघाल्यावर तुम्ही काय केलं? "बंदोबस्त. गणपतीचा बंदोबस्त, इलेक्शनचा बंदोबस्त, मंत्री आले बंदोबस्त, मोर्चा निघाला बंदोबस्त." आणि तुमचे खबरी? ते नुसते हसले. त्यांच्याकडच्या तीन जाड वह्या मी बघितल्यात. कोण कुठला, कोणाचा मेव्हणा कोण, कोणता माल कोणत्या आठवडी बाजारात विकला जातो, सगळं लिहिलेलं. त्या वह्या आज त्यांच्या कपाटात आहेत. खात्यात त्यांची एक झेरॉक्ससुद्धा नाही, कारण कोणी मागितलीच नाही.

वहीत असलेली माहिती सिस्टिममध्ये नसते तेव्हा काय होतं ते आम्ही घरी भोगलंय. पप्पांचं फाट्यावर कृषी सेवा केंद्र आहे. मी अकरावीत असताना ऐन पेरणीत दुकान फुटलं. बियाण्याच्या बॅगा आणि औषधांचे बॉक्स गेले, सगळं उधारीवर आणलेलं. ठाण्याचं नाव घेत नाही. पंचनामा करायला जे हवालदार आले ते खरंच चांगले होते. त्यांनी शटरवरच्या खुणा बघितल्या, समोरच्या हॉटेलवाल्याला दोनदा विचारलं, कोणत्या गाडीने माल गेला असेल याचा अंदाजही बांधला. मग सण आले आणि ते बंदोबस्ताला गेले. परत आले तर महिना उलटलेला. मग त्यांची बदली झाली. नवीन आलेल्यांनी पप्पांना पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगायला लावलं. शेवटी 'अ समरी'. याचा अर्थ, गुन्हा खरा आहे पण आरोपी सापडत नाही. कागद घेऊन पप्पा घरी आले तेव्हा आईने विचारलं, "म्हणजे केस बंद?" पप्पा म्हणाले, "नाही, म्हणजे आपण खोटं बोललो नाही एवढं मान्य केलंय." उधारी फेडायला दोन सीझन गेले. त्या दोन सीझनमध्ये माझ्या होस्टेलचा खर्च कुठून आला ते मी इथे लिहीत नाही.

चोर हुशार होता म्हणून सुटला असं मला तरी वाटत नाही. ज्याच्या डोक्यात तपास होता तो माणूसच तपासापासून तोडला गेला. एखाद्या प्रोजेक्टचा कोड अर्धवट असताना लिहिणाऱ्याला काढून घेतलं, कमेंट्स एकही नाहीत, आणि नवीन माणसाला म्हटलं चालव, तर काय होईल? आपण कॉलेजच्या मिनी प्रोजेक्टमध्येसुद्धा असं करत नाही.

यावर माझ्या रूममेटचं म्हणणं असं, की पोलिसाला एका जागी जास्त दिवस ठेवलं तर तो सडतो. हा मुद्दा खोटा नाही. मुंबईतल्या एन्काउंटरवाल्यांच्या गोष्टी आपण ऐकल्यात. २०२१ साली तर मुंबई क्राइम ब्रँचमधल्याच एका अधिकाऱ्याला एनआयएने अटक केली. खबरी आणि अधिकारी यांचं नातं वर्षानुवर्षं मुरलं की कोण कोणाचं काम करतंय तेच कळेनासं होतं. मान्य. पण याचं औषध जागा बदलणं हे आहे, धंदा बदलणं नव्हे. परभणीच्या एलसीबीतून काढा, लातूरच्या एलसीबीत टाका, तिथून सायबरला, तिथून पुण्याला सीआयडीत. माणूस फिरेल, नव्या नव्या केसेस बघेल, कोणाशी फार घट्ट लागेबांधे होणार नाहीत, आणि वीस वर्षांनी खात्याकडे एक असा अधिकारी असेल ज्याने चोरीपासून खुनापर्यंत आणि बँक फ्रॉडपासून नरबळीपर्यंत सगळं हाताळलंय. डॉक्टरची बदली झाली म्हणून त्याला कोणी पोस्टात बसवतं का?

ही माझ्या एकटीच्या डोक्यातली कल्पना आहे असंही नाही. प्रकाश सिंह केसमध्ये २२ सप्टेंबर २००६ रोजी सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना जे आदेश दिले त्यात एक असा होता की तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची माणसं वेगळी करा. मात्र सुरुवात कुठून? दहा लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांपासून, आणि मग हळूहळू लहान गावांत. हे वाचून मला हसूच आलं. मानवतची लोकसंख्या किती आणि आमच्या फाट्याची किती! 'हळूहळू' आमच्यापर्यंत यायला किती पिढ्या जातील? शहरात निदान चौकाचौकात कॅमेरे आहेत, लॅब जवळ आहे, पेपरवाले मागे लागतात. खेड्यात तपास करणाऱ्याच्या हाताशी यातलं काही नसतं, म्हणजे खरा कसलेला डिटेक्टिव्ह तिथे आधी पाहिजे. १९७४ साली मुंबईहून माणूस मागवावा लागला. आज तरी दुसरं काय होतं? मोठं प्रकरण झालं की पहिली मागणी हीच, तपास सीआयडीकडे द्या, एसआयटी नेमा. म्हणजे जिल्ह्याला तपास जमणार नाही हे लोकांनी गृहीतच धरलंय.

आता मानवतचा एक भाग राहिलाय, तो सिरीज बघणाऱ्यांनी जरूर वाचावा. तपास झाला, माफीचे साक्षीदार झाले, परभणीच्या सेशन्स कोर्टाने शिक्षा दिल्या. पण केस वर गेली तेव्हा कटाचे सूत्रधार म्हणून ज्या दोघांना फाशी सुनावली होती त्यांना हायकोर्टाने सोडलं. १९७७ साली सुप्रीम कोर्टानेही ते कायम ठेवलं, प्रत्यक्ष खुनात ज्यांचा हात सिद्ध झाला त्यांची फाशी मात्र राहिली. लॉ करणारी मुलं 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' म्हणून वाचतात ती हीच केस. माफीच्या साक्षीदारावर किती विश्वास ठेवायचा हे त्यात लिहिलंय, आणि पोलीस उत्साहाच्या भरात हात उगारायच्या मोहात पडतात, तो मोह वेळीच खुडून टाकला पाहिजे असंही न्यायमूर्तींनी सुनावलंय.

माझ्या एका मैत्रिणीला हे ऐकून राग आला. "म्हणजे सगळा तपास फुकट?" मला तसं वाटत नाही. मुंबईची टीम आली आणि खुनांची मालिका संपली, गावातल्या पोरी वाचल्या, हे खरंच आहे. पण पोलिसाला कळणं आणि कोर्टात टिकणं यामध्ये एक दरी असते, आणि ती ओलांडायला माहितीच्या जोडीला पुरावा लागतो. कबुलीजबाबावर उभा केलेला तपास पत्त्यांच्या बंगल्यासारखा असतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचंच बघा. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, म्हणजे मानवतसारखं पुन्हा होऊ नये यासाठीच. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात भर सकाळी त्यांना गोळ्या घातल्या. तपास आधी पुणे पोलिसांकडे, २०१४ मध्ये सीबीआयकडे. निकाल लागला १० मे २०२४ ला. दोघांना जन्मठेप, तिघे सुटले, आणि खरा सूत्रधार तपास यंत्रणांना शोधता आला नाही असं कोर्टानेच म्हटलं. मानवतपासून इथपर्यंत पन्नास वर्षं झाली. सूत्रधार मात्र दोन्हीकडे पुराव्याने सिद्ध होऊ शकला नाही.

आणि इथेच, मित्रमैत्रिणींनो, आपला संबंध येतो. आपल्याला वाटतं पोलीस म्हणजे दंड-बैठका आणि इतिहास-भूगोल पाठ करणारी पोरं. पण १ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी कायदे लागू झालेत. सात वर्षं किंवा जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यात घटनास्थळी फॉरेन्सिक टीमने जायलाच पाहिजे अशी तरतूद त्यात आहे, आणि ती लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. झडती-जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं आहे. मोबाइल टॉवरचा डेटा, कॅमेऱ्याचं फुटेज, डिलीट केलेल्या फाइल्स, हॅश व्हॅल्यू, हे सगळं आपल्याला सेकंड इयरपासून माहीत असलेलं. नांदेडला न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे. माणसं कुठून आणणार? आपल्यातूनच ना! हे काही नवीनही नाही. १८९७ साली कोलकात्यात जगातला पहिला फिंगरप्रिंट ब्यूरो निघाला. हजारो ठशांतून एक ठसा शोधायचा कसा, हा प्रश्न सोडवला अझीझुल हक नावाच्या सब-इन्स्पेक्टरने. बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे १०२४ कप्प्यांची गणिती पद्धत त्याने बसवली. हॅश टेबलच की हो हे, कॉम्प्युटरच्या किती आधी! श्रेय मात्र बरीच वर्षं त्याच्या इंग्रज साहेबाच्या नावावर राहिलं. ते असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मुलींसाठी दोन ओळी. माझ्या आत्याला वाटतं पोलीस हे मुलीचं काम नाही. मीरां बोरवणकर मुंबई क्राइम ब्रँचच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या हे मी तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्या आयपीएस गं." आत्याचं बरोबर आहे. वरून आलेल्या अधिकाऱ्यांची नावं आपल्याला माहीत असतात, खालून चढलेल्या तपास करणाऱ्या बाईचं एकही नाव पटकन सांगता येत नाही. अत्याचाराच्या केसमध्ये जबाब घ्यायला बाई लागते म्हणून तिला बोलावतात, जबाब झाला की ती परत ड्यूटीवर. पुढचा तपास तिच्याकडे का नको? ज्या बाईशी ती पोरगी मोकळेपणाने बोलली तीच बाई कोर्टात निकाल लागेपर्यंत तिच्यासोबत का नको? मानवतला मेलेल्या मुली होत्या आणि त्यांच्या आयांशी बोलायला तेव्हा खात्यात किती बायका असतील याचा मी बऱ्याचदा विचार करते.

घरी सध्या तह झालाय. पप्पा म्हणतात, एज्युकेशन लोन आहे, आधी कॅम्पसला बस, नोकरी घे. ते बरोबर आहे. मी बसणार. नोकरी करत परीक्षा देणार, दोन अटेम्प्ट, मग बघू. सकाळी होस्टेलच्या मागच्या ग्राउंडवर पळायला सुरुवात केलीय, सध्या दम चौथ्या राउंडला लागतो. निवड झालीच तर नाशिकच्या अकादमीत ट्रेनिंग, आणि मग जिथे टाकतील तिथे. बंदोबस्त चुकणार नाही हे मला माहीत आहे. एलसीबी मिळाली तर तीन वर्षांनी कोणीतरी हातात बदलीची ऑर्डर देईल हेही माहीत आहे.

जमादार काकांना मी एक गोष्ट मागून घेतलीय. त्यांच्या तिन्ही वह्या या दिवाळीच्या सुट्टीत मी टाइप करून देणार आहे, नावं, गावं, तारखा वेगवेगळ्या कॉलममध्ये, सर्च करता येईल अशा. काका म्हणाले, "कोणाला देणार हे?" मी म्हटलं, सध्या तुम्हालाच. त्यांनी पहिली वही दिलीय. अक्षर भयंकर आहे, पण पान चौदावर आमच्या फाट्याचं नाव आहे.